'विहित मर्यादेत' आहे म्हणे आमची नदी

प्रति,
राज्याच्या पर्यावरण खात्यात आणि प्रदूषण नियंत्रण मंडळात बसून पाण्याची मानकं ठरवणारे सगळे साहेब आणि मॅडम,

स. न. वि. वि.

मागच्या एप्रिलमध्ये मामाच्या गावाला गेलो होतो, दक्षिण सोलापुरात, सीना जिथं भीमेला मिळते त्या हत्तरसंग कुडलच्या अलीकडं. सकाळी नदीवर गेलो तर डोहात मासे पालथे पडलेले. बहुतेक चिलापीच. आता चिलापी म्हणजे काय चिवट जात, गटारात सोडली तरी पिल्लं घालते म्हणतात, ती मेलेली होती. पाणी चहा दोनतीनदा उकळून तसाच ठेवल्यावर दिसतो तसं, आणि काठाला वाळलेला फेस, वारा आला की त्याचे तुकडे उडून बाभळीला अडकत होते. मामाला म्हटलं हे काय, तर मामा म्हणाला, दर उन्हाळ्याला असतंय की बे, तू आज बघलालास.

मी फोटो काढले, जागा लिहिली, जिथं तक्रार करायची असते तिथं केली, ऑनलाईन पण आणि लेखी पण, शिक्का मारून पोच घेतली. उत्तर दीड महिन्यानं आलं. एका ओळीचं. "परिसरातील सांडपाण्याचे नमुने तपासले असता ते विहित मर्यादेत आढळून आले."

पहिल्यांदा डोकं फिरलं. मग रात्री शांतपणे विचार केला तर वाटलं की हे उत्तर खोटं नसेलच. नमुने खरंच मर्यादेत असतील. मासे पण खरंच मेले होते. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, आणि हे मला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नाही कारण मी स्वतः बारा वर्षं एका डाईंगच्या, म्हणजे सूत रंगवायच्या कारखान्याच्या लॅबला काढलीत. म्हणून हे पत्र त्या ऑफिसच्या विरोधात नाही, तिथल्या माणसानं त्याच्यापुढं जो कागद होता त्याच्याशी आकडा ताडून बघितला आणि सही केली. माझं भांडण त्या कागदाशी आहे आणि तो कागद तुम्ही लिहिता, म्हणून तुम्हालाच पत्र, आणि खुलं अशासाठी की सोलापूर जिल्ह्यातल्या लोकांनी पण हा हिशोब एकदा करून बघावा.

आधी माझं सांगतो म्हणजे कुणी म्हणायला नको की हा कोण मोठा नदीवाला. मी बीएस्सी केमिस्ट्री, सोलापूरच्या पूर्व भागातला, वडील टॉवेल कारखान्यात मागावर होते. मी डाईंगला शेड मॅचिंग, म्हणजे रंगाच्या छटा जुळवायचं काम करायचो, पुढं ते सोडून टॉवेलचं छोटं दुकान टाकलं, होलसेल आणि थोडं रिटेल. लग्नसराईत टॉवेल-टोपीचा आहेर किती खपणार ते उसाचं बिल निघालं का नाही त्याच्यावर ठरतं. म्हणजे डाईंगवाल्यांचं आणि साखर कारखान्यांचं दोघांचं मीठ मी खाल्लंय. कारखाने बंद करा असं मी म्हणणार नाही, म्हणालो तर पहिला मीच उपाशी मरेन.

आता मुद्द्यावर येतो. तुमच्या सगळ्या मानकांत एक गोष्ट न बोलता धरून चाललेली आहे, की नदी वाहते.

साधा हिशोब सांगतो. पाण्यातली घाण कुजवायला जीवाणूंना किती ऑक्सिजन लागतो ते म्हणजे बीओडी, हे तुम्हाला माहितीच आहे, वाचणाऱ्यांसाठी लिहितोय. १९९३ पासूनच्या सर्वसाधारण मानकात नदी-नाल्यात सोडायच्या पाण्याचा बीओडी लिटरला ३० मिलिग्रॅमपर्यंत चालतो. कापड प्रक्रियेचं २०१६ चं मानक बघा, ३०. साखर कारखान्यांचं २०१६ चं, नदीत सोडायचं असेल तर ३०. शहराच्या मैलापाण्याचं २०१७ चं, महानगरं वगैरे सोडून बाकीच्यांना ३०. आणि माणसानं ज्या पाण्यात अंघोळ करावी त्याचं २००० सालचं मानक काय, तर ३ किंवा त्याहून कमी. म्हणजे ३० वालं एक बादली पाणी ३ वर आणायचं तर त्यात ९ बादल्या असं पाणी पाहिजे ज्यात घाण अजिबात नाही. असं पाणी कुठल्या नदीत असतं? नदीचं स्वतःचंच २ असेल, म्हणजे चांगलीच नदी म्हणायची, तर एका बादलीला २७ बादल्या लागतात. २७. करून बघा, पाचवीतलं गणित आहे.

एप्रिलमध्ये सीनेत त्या २७ बादल्या कुठनं आणायच्या? भीमेचं पण तेच, उजनीतून पाणी सोडलं की तेवढे दिवस नदी, मग परत वाळू, खड्डे आणि बंधाऱ्यात तुंबलेलं पाणी. जानेवारी-फेब्रुवारीपासून पुढं मामाच्या गावापाशी सीनेत जे ओलं दिसतं त्यातलं बरंचसं म्हणजे वरून कुणीतरी सोडलेलंच असतं. मग ते पाणी मर्यादेत असलं तरी सगळी नदीच ३० ची होणार ना. मासा काय सर्टिफिकेट वाचून जगणार आहे का. आणि नुसता मासा पण नाही, पंढरपुरात आषाढीला नदीला पाणी असतं, सगळे कॅमेरे तेव्हाच येतात, पण माघी आणि चैत्री वारी ऐन कोरड्या दिवसातच येते, तेव्हाही माणसं चंद्रभागेत उतरतात, तोंडात पाणी घेतात, बाटलीत भरून गावाला नेतात. आणि पंढरपूरच्या खाली टाकळीला हीच भीमा सोलापूर शहरासाठी उचलली जाते, तिथनं सोरेगावला शुद्ध होऊन येते. शहराच्या बाकीच्या शुद्धीकरण केंद्रांत, पाकणीला उजनीचं पाईपलाईनचं येतं, भवानी पेठेत हिप्परगा तलावाचं.

आता तुम्ही म्हणाल की नियम बदलायला वेळ लागतो, केंद्राचा विषय आहे, समिती लागते. नाही लागत साहेब. मी कायदा वाचलाय. १९७४ चा जल प्रदूषण कायदा, कलम १७, त्यातलं (१)(के). राज्य मंडळाच्या कामांची यादी आहे ती. त्यात लिहिलंय की एखाद्या विशिष्ट प्रवाहात सोडायच्या सांडपाण्याचं मानक राज्य मंडळानं ठरवायचं, आणि ठरवताना त्या प्रवाहात कोरड्या दिवसांत कमीत कमी किती पाणी मिसळायला मिळतं ते धरायचं, आणि घाण सोडल्यानंतर त्या नदीला किती सोसेल तेही धरायचं. हे १९७४ ला लिहिलंय! माझा जन्म व्हायच्या आधी. ज्यानं कुणी ते वाक्य लिहिलं त्याला सीनेसारखी नदी माहिती होती. आणि २०१७ च्या मैलापाण्याच्या अधिसूचनेत पण आहे की राज्य मंडळ स्थानिक परिस्थिती बघून याहून कडक मानक लावू शकतं. म्हणजे अधिकार आहे, कलम आहे, तरी सीनेसारख्या नदीकाठच्या माणसाला उत्तर देताना अख्ख्या देशाला लावलेलाच ३० चा आकडा पुढं करायचा.

आमच्या कुडलला शिलालेख आहे, शके ९४० म्हणजे इसवी सन १०१८ चा, मराठीतल्या सगळ्यात जुन्या शिलालेखांत धरतात. त्याच्यावर शेवटी लिहिलंय, वाछि तो विजेया होईवा. जो वाचेल तो विजयी होईल. तुम्हाला कलम १७ वाचा म्हणून सांगायला याच्यापेक्षा जुना दाखला माझ्याकडं नाही.

दुसरं, हे 'लिटरला अमुक मिलिग्रॅम' मोजायचं जे आहे ना, त्यानं काय होतं ते मी आतून बघितलंय, ते जरा सविस्तर सांगतो.

गडद रंगाचं सुती सूत रंगवायचं, नेव्ही ब्लू किंवा मरून म्हणा, तर रिॲक्टिव्ह डाय सुतावर बसावा म्हणून पाण्यात मीठ टाकावं लागतं. चिमूटभर नाही. लिटरला ६० ग्रॅम म्हणा, एक किलो सुताला ८ लिटर पाणी धरलं तर जवळजवळ अर्धा किलो मीठ झालं, एका किलो सुताला. वर सोडा. रंगाचं काम झालं की हे सगळं मीठ ड्रेनला. मीठ सुतावर बसत नाही, त्याचं काम नुसतं रंगाला ढकलायचं. शिवाय न बसलेला रंग, तो निघेपर्यंत गरम पाण्यानं, साबणानं, परत थंड पाण्यानं धुवायचं. मग ते ईटीपीला, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटला जातं. तिथं चुना, फेरस, तुरटी टाकली की रंग खाली बसतो, वरचं पाणी बऱ्यापैकी निवळ दिसतं, काचेच्या ग्लासात धरून मालकाला दाखवलं की मालक खूष. पण मीठ? मीठ जसंच्या तसं. चुन्यानं मीठ बसत नाही, ते दहावीच्या पोराला पण माहिती आहे. त्याला आरओ लागतो, मग आरओचं उरलेलं खारं पाणी उकळवून आटवायला बाष्पीभवन लागतं, आणि दोनतीनच रंगवायची मशीनं असलेल्या बारक्या डाईंगला ते एकट्याला झेपत नाही.

कापड प्रक्रियेच्या मानकात एकूण विरघळलेले क्षार, म्हणजे टीडीएस, लिटरला २१०० मिलिग्रॅमच्या आत पाहिजेत. मग मी जिथं होतो तिथं काय चालायचं? नाव घेत नाही, ते युनिट आता बंद पण झालंय. नमुना घ्यायला माणूस येणार अशी कुणकुण लागली की मेस्त्री ओरडायचा, अण्णा, बोअर चालू करा. शेवटच्या टाकीत बोअरचा पाईप सोडायचा. झालं. तेवढंच मीठ, पाणी दुप्पट-तिप्पट, लिटरमागचा आकडा खाली. मीटर दाखवायचं १९००, १९५०. सगळे खूष, विहित मर्यादेत. नदीत जाणारं मीठ एक ग्रॅम पण कमी झालं नाही, उलट दुष्काळी जिल्ह्यातलं बोअरचं पाणी फुकट गेलं. मी ते पीएच-टीडीएसचं रजिस्टर स्वतःच्या हातानं लिहायचो, निळ्या पेनानं, तारीखवार. अभिमानानं सांगत नाहीये. पण तुमचा नियमच असा आहे की पाणी ओतणाऱ्याला तो पास करतो आणि जो बिचारा पाणी वाचवून कमी पाण्यात रंगवतो त्याचं टीडीएस जास्त दिसतं म्हणून तो नापास! हे तुमच्यातल्या कुणाला कधी खटकलं नाही का?

साखर कारखान्यांच्या मानकात निदान पाण्याच्या प्रमाणाला तरी धरलंय, एक टन ऊस गाळपाला २०० लिटरच्या वर सांडपाणी सोडायचं नाही. हे बरं केलं. पण ५००० टन रोजच्या गाळपाचा कारखाना धरा, २०० प्रमाणे दिवसाला १० लाख लिटर नियमात बसलं. गाळप हंगाम पाऊस संपल्यावर सुरू होतो आणि उन्हाळा तोंडावर येईपर्यंत चालतो, म्हणजे नदी आटत जायची वेळ आणि सांडपाणी यायची वेळ एकच. आणि आमच्या जिल्ह्यात साखर कारखाने एकदोन नाहीत. एकेकट्या कारखान्याला वेगवेगळी परवानगी, प्रत्येकाचं आपापलं मर्यादेत, पण एका नदीच्या काठचे सगळे मिळून बेरीज कुणी करायची? मामाच्या गावातल्या ग्रामसेवकानं?

उजनीचं तर मी थोडक्यात सांगतो, त्याच्यावर सगळेच लिहितात. ११७ टीएमसीचं धरण, त्यातला अर्ध्याहून जास्त मृतसाठा, म्हणजे सहजी सोडता न येणारं तळाचं पाणी. आणि वरून मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी, दोन मोठ्या शहरांचं सांडपाणी घेऊन येणार. उन्हाळ्यात पाणी हिरवं होतं, जलपर्णी माजते. ते शेवाळ बीओडीनं वाढत नाही, नायट्रोजन आणि फॉस्फरसनं वाढतं, आणि गंमत बघा, २०१५ च्या मसुद्यात मैलापाण्याला नायट्रोजनची मर्यादा होती, बीओडी पण १० होता. २०१७ ला अंतिम अधिसूचना आली तेव्हा नायट्रोजन गायब आणि बीओडी २० आणि ३०. पुढं हरित लवादानं ३० एप्रिल २०१९ ला सांगितलं की हे सैल केलंय, मोठ्या शहरांना बीओडी १०, नायट्रोजन १० आणि तळ्यात-जलाशयात जाणार असेल तर फॉस्फरस १. उजनी जलाशयच आहे की. मग पुण्याकडून येणाऱ्या पाण्याला फॉस्फरसची मर्यादा घालायला अडचण कसली आहे? पुण्याच्या लोकांवर आमचा राग नाही, आमची अर्धी पोरं तिकडंच नोकरीला आहेत, पण त्यांचं आलेलं आम्ही पितो एवढं लक्षात ठेवा.

आता नळाचं. हे नदीवाल्या मुद्द्याला सोडून वाटेल पण नाही, कारण इथंही तीच चूक आहे, नियमानं धरलंय की नळ कायम वाहतो.

आमच्या गल्लीत पाणी चार-पाच दिवसाआड. मधले दिवस पाईप रिकामा. पाणी सोडलं की आधी नळ फुसफुसतो, मग खोकल्यासारखा दोनतीन उबळी टाकतो. आई आतून ओरडते, पाणी येलालंय, बॅरल धुवा! मग तांबूस येतं, मग थोडा वेळ वास, मग पंधरावीस मिनिटांनी बरं. आई नळाच्या तोंडाला आमच्या दुकानातला सेकंडचा पांढरा टॉवेल बांधते, दर पाण्याला तिथं पैशाएवढा तपकिरी डाग पडतो, मधे काळे कण, आणि तो डाग धुऊन जात नाही, मी शेड मॅचिंगवाला माणूस आहे मला कळतं कुठला डाग निघतो आणि कुठला नाही. आणि खरं सांगायचं तर गल्लीत सगळ्यांनी नळाला डायरेक्ट मोटर लावलीय, आम्ही पण. नाही लावली तर वरच्या मजल्याला थेंब येत नाही. रिकाम्या पाईपला सगळ्यांच्या मोटरा ओढतात तेव्हा पाईपला जिथं चीर असेल तिथनं शेजारचं गटार आत येणारच. आमची पण चूक, आहे मान्य. दोन वर्षांपूर्वी भाच्याला कावीळ झाली, ऐन बारावीत, दीड महिना उसाचा रस, पेजभात आणि ॲडमिट. डॉक्टर म्हणाले पाणी उकळून प्या. तेव्हापासून घरात प्यायला २० लिटरचा जार येतो, आणि त्या जारात काय असतं ते देवालाच ठाऊक, कारण सील नसलेला जार 'पॅकबंद पाण्यात' बसत नाही म्हणून त्याला विचारणारं कुणी नाही.

पिण्याच्या पाण्याचं मानक चांगलं आहे, आयएस १०५००, २०१२ चं. १०० मिलिलिटरमध्ये ई-कोलाय अजिबात नको, क्लोरीन निदान ०.२ शिल्लक पाहिजे, नायट्रेट ४५ च्या वर नको. वाचायला फार छान. पण नळयोजना चालवणाऱ्यावर ते सक्तीचं नाही. आणि नमुना कधी घ्यायचा? पाणी सोडल्यावर पहिल्या दहा मिनिटात का चाळीस मिनिटांनी? दोन्हीचा रिपोर्ट वेगळा येणार. चाळीस मिनिटांनी घेतला तर विहित मर्यादेत, पहिल्या दहात घेतला तर आईचा टॉवेल.

गावाकडं तर अजून निराळं. वर्षातून दोनदा तपासणी होते, पाणीपुरवठ्याच्या जागेला लाल, पिवळं, हिरवं कार्ड मिळतं, ही पद्धत मला मनापासून आवडते कारण न शिकलेल्या म्हातारीला पण कळते. मामाच्या गावचा जलसुरक्षक, म्हणजे गावच्या पाण्याची काळजी घेणारा पोरगा कामाचा आहे, पण टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडरचं पोतं पावसाळ्यात उघडं राहिलं की तिचा क्लोरीन उडून जातो, मग टाकीत चुना टाकला काय आणि ती पावडर टाकली काय एकच. पोतं किती दिवसाचं आहे, त्यात क्लोरीन किती टक्के उरलाय, हे बघायचं कुणी? आणि कार्ड देताना बघायचं काय, तर प्रामुख्यानं विहिरीभोवती घाण किती, गळती कुठं, हे. सीनेच्या काठच्या विहिरीत जे मीठ आणि नायट्रेट झिरपतं ते डोळ्याला दिसत नाही, कार्ड हिरवंच राहतं.

अजून एक जुनं दुखणं, नदी नियमन क्षेत्राचं धोरण. २००० साली आलं, २००९ ला सुधारलं, नदीपासून ठरावीक अंतरात कुठले उद्योग नकोत ते त्यात होतं. फेब्रुवारी २०१५ मध्ये ते रद्द केलं. कारण सांगितलं की जल कायदा आहेच, परवानगीच्या वेळी बघता येतं. त्या परवानगीच्या कागदावर काय बघतात ते वर सांगितलं. ज्या राज्यानं केंद्राच्या पाच वर्षं आधी, १९६९ ला, पाण्याच्या प्रदूषणाचा स्वतःचा कायदा केला त्याच राज्यानं हे करावं याचं वाईट वाटतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या यादीत देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे होते, त्यातले ५३ महाराष्ट्रात. २०२२ च्या यादीत देशात कमी होऊन ३११ झाले आणि आपले वाढून ५५. दोन्ही वेळेला आपला पहिला नंबर.

दंडाचं पण सांगून टाकतो. नदीत घाण सोडली तर आधी दीड ते सहा वर्षं कैदेची तरतूद होती, २०२४ च्या दुरुस्तीत ती काढून १० हजार ते १५ लाख दंड केलाय, आणि राज्यांनी ठराव करून ती स्वीकारायची असते. कैद कागदावरच होती, आत गेलेला एकपण मी बघितला नाही, त्यामुळे ती गेल्याचं मला फार दुःख नाही. पण १५ लाख म्हणजे बारक्या डाईंगवाल्याचं घरदार गेलं आणि मोठ्या कारखान्याचा एका दिवसाचा किरकोळ खर्च. दंड किती घाण सोडली त्या वजनावर पाहिजे, हे कळायला काय परदेशी अभ्यास दौरा लागतो का.

तर मागण्या. फार नाहीत.

भीमा, उजनीच्या खालची, आणि सीना, या दोन नद्यांसाठी कलम १७ (१)(के) प्रमाणे वेगळी मानकं ठरवा, एप्रिल-मेमध्ये नदीत किती पाणी असतं ते प्रत्यक्ष मोजून. ज्या महिन्यात प्रवाह नाही त्या महिन्यात नदीत सोडणं बंद, शुद्ध केलेलं पाणी शेतीला किंवा उद्योगाला परत वापरा.

मर्यादा लिटरमागं नको, दिवसाला किती किलो ती घाला. किती पाणी आत आलं, किती मीठ विकत घेतलं, किती सूत रंगवलं, याचे हिशोब जुळवले की बोअरचा पाईप कुठं सोडलाय ते ऑफिसात बसून कळतं, मिठाची बिलं खोटं बोलत नाहीत. आणि हे करताना बारक्या डाईंगवाल्यांना सामायिक क्षार-प्रक्रियेची सोय आधी द्या, मगच काठी उगारा. उलटं केलंत तर युनिट बंद पडतील आणि रंगकाम रात्रीचं कुठंतरी पत्र्याच्या शेडमध्ये चालेल, जे आजच्याहून वाईट.

उजनीत येणाऱ्या मैलापाण्याला नायट्रोजन आणि फॉस्फरसची मर्यादा घाला.

नदी नियमन क्षेत्राचं धोरण परत आणा, जुनं जसंच्या तसं नको असेल तर सुधारून आणा, पण आणा.

नळाचा नमुना गल्लीतल्या शेवटच्या घरातून, पाणी सोडल्यावर पहिल्या दहा मिनिटात घ्यायचा असा नियम करा, आयएस १०५०० सक्तीचं करा आणि निकाल मराठीत वॉर्डात फळ्यावर लावा. वेबसाईटवरच्या इंग्रजी पीडीएफ आईला वाचता येत नाहीत, मला पण मोबाईलवर झूम करून करून वाचाव्या लागतात.

हे नियम लिहायला बसाल तेव्हा टेबलावर एक डाईंगचा मेस्त्री, एक जलसुरक्षक आणि नदीकाठचा एक मासे धरणारा बसवा. चहा-पाण्याचा खर्च मी देतो, आणि बोलावलंत तर दुकान एक दिवस बंद ठेवून स्वतः येतो, मी लिहिलेली रजिस्टरं आठवतील तशी सांगतो, माझ्यावर काय कारवाई करायची ती नंतर करा.

या पत्राला उत्तर द्यावं ही विनंती. उत्तरात परत 'विहित मर्यादेत' लिहायचं असेल तर जरूर लिहा, फक्त त्याच्या पुढं एवढं लिहा की नमुना घेतला त्या दिवशी नदीत किती पाणी वाहत होतं.

आपला,
पूर्व भागातला एक टॉवेलवाला, सोलापूर